एका बाटलीचा ठपका

वाघोलीत नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोसायट्या उभ्या राहिल्या आणि २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेले. जून जवळ आला, की इथल्या घरांतून मुलाचे लसीकरणाचे कार्ड शोधण्याची धांदल उडते. बऱ्याच शाळा प्रवेशाच्या अर्जासोबत त्याची झेरॉक्स मागतात. सुई टोचून घ्यायला लोकांनी कधीकाळी किती कचरत हात पुढे केला असेल, हे त्या कार्डावरून कळत नाही. ते कळते वाल्डेमार हाफकिन यांच्या आयुष्यावरून. मुंबईत परळला त्यांच्या नावाची संस्था आहे, एवढेच आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते.

जन्म १८६० चा, काळ्या समुद्रावरच्या ओडेसा शहरातला. घर ज्यू. रशियात झारची राजवट. तरुणपणी राजकारणात पडल्यामुळे तुरुंगही पाहून झाला. धर्म बदलला असता तर प्राध्यापकी मिळाली असती. ती नाकारून हाफकिन आधी जिनिव्हाला आणि मग पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तिथे पहिली नोकरी ग्रंथालयातली! १८९२ मध्ये त्यांनी पटकीची लस तयार केली, पहिल्यांदा स्वतःलाच टोचली आणि पुढच्या वर्षी हिंदुस्थानात आले.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत मांडवी भागात प्लेग उफाळला. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात हाफकिन यांना मिळाली एक खोली आणि तिच्यापुढचा व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. इतक्या सरंजामावर त्यांनी काम कसे केले, ते वाचताना मौज वाटते. शेळीच्या मांसाचा अर्क काढायचा, त्यावर तुपाचे थेंब सोडायचे आणि त्या तुपाला धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढू द्यायचे. मग उष्णता देऊन ते मारायचे, की लस तयार. डुकराचे किंवा गाईचे मांस इथे चालणार नाही, हे त्या परक्या माणसाने आधीच ओळखले होते. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लसही स्वतःला टोचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा ज्या कैद्यांनी स्वखुशीने ती घेतली त्यांच्यात आजार फार कमी झाला. आगाखानांनी आपला बंगला प्रयोगशाळेला दिला. १८९९ मध्ये ती परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

त्याच १८९७ मध्ये पुण्यात काय चालले होते? सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेत होते. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना १० मार्चला सावित्रीबाई फुले गेल्या. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली. हाफकिन यांची लस ऐच्छिक होती; पण प्लेगसाठी म्हणून सरकार दारात आले, की काय होते हे पाहिलेली माणसे सुईकडे तरी विश्वासाने कशी पाहणार? त्यांच्या संशयाला मी अडाणीपणा म्हणणार नाही.

आणि मग ३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातल्या मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली. त्यांतले एकोणीस जण धनुर्वाताने दगावले. एकोणीसही जणांना ५३-एन क्रमांकाच्या एकाच बाटलीतली लस दिलेली होती. बाकीच्यांना धनुर्वात झाला नाही. मृत्यूची ही ओळ वाचून आजही पोटात गोळा येतो. चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेवर ठेवला: निर्जंतुकीकरणासाठी कार्बोलिक आम्लाऐवजी हाफकिन यांनी उष्णता वापरली होती. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले.

बँकेत ज्याने खात्यांतर्गत चौकशीच्या फायली हाताळल्या आहेत, त्याला या प्रकरणाची चाल ओळखीची वाटेल. वरच्या कचेरीला एक नाव हवे असते, आणि जो परका, जो फटकळ, त्याचे नाव लवकर सापडते. वास्तविक साक्षीत नोंद होती, की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला आणि पुरेसा निर्जंतुक न करताच त्याने त्याच चिमट्याने बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला कसलाही वास नव्हता; ते जंतू आत आठवडेच्या आठवडे वाढत असते, तर दुर्गंधी सुटली असती. हे सारे कागदावर असूनही वर्षे गेली. अखेर १९०७ च्या जुलैत, मलेरियाच्या डासाचा छडा लावणारे रोनाल्ड रॉस आणि आणखी नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये सह्यांचे पत्र देऊन हाफकिन निर्दोष असल्याचे सांगितले. त्या वर्षअखेर ते हिंदुस्थानात परतले. पण परळला नव्हे, कलकत्त्याला. पूर्वीसारखे मोठे काम पुन्हा त्यांच्या हातून झाले नाही.

निवृत्तीनंतर ते युरोपात परतले. लग्न केले नाही, धर्मात मन रमवले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले, तेव्हा त्यांनी आभाराचे पत्र पाठवले. आयुष्यातली उत्तम वर्षे मुंबईच्या त्या कामाने घेतली, असे त्यात लिहिले होते. मुल्कोवालचा विषय काढला नव्हता. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान इथे ते वारले.