गाडगे महाराजांचा जमाखर्च

वीस-पंचवीस वर्षांमागे कंधारकडच्या एका गावी माझे काल्याचे कीर्तन झाले. मांडव झकास, पंगत गावजेवणाची. बिदागी उपरण्यात बांधून निघालो, तोच यजमानाची म्हातारी आई हळूच म्हणाली की हे सारे उभ्या पिकावर उचल घेऊन केले आहे. ती बिदागी मी परत केली नाही. खोटे कशाला सांगू? त्यानंतर गाडगे महाराजांचे चरित्र सांगायला उभा राहिलो की ती म्हातारी आधी समोर येते.

विदर्भातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परीट कुळात डेबूजींचा जन्म झाला. बाप झिंगराजी दारूपायी अकाली गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन दापुऱ्यास भावाकडे आली. मामाची शेती चांगली होती, पण अक्षरओळख नव्हती. सावकाराच्या कागदावर अंगठा उठला आणि जमीन गेली. कर्ज घर कसे खाते, हे त्या पोराने पुस्तकात नाही, उंबऱ्यावर पाहिले.

पुढे डेबूजींचे कुंताबाईंशी लग्न झाले, मुलगी झाली. बारशाला जातभाईंना दारू-मटण घालायचे अशी रीत. नाही घातले तर लोक काय म्हणतील? आपल्याकडे निम्मे कर्ज या एका प्रश्नापायीच होते. डेबूजींनी गोडाधोडाचे साधे जेवण घातले. भाऊबंद रुसले. रुसू दिले.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मातीचे गाडगे. गावात शिरले की आधी रस्ता झाडायचा, रात्री कीर्तन. कीर्तनात समोरच्यांनाच प्रश्न विचारीत. सण-लग्नासाठी ऋण काढू नका, देवापुढे बकरे कापू नका, ताट नसले तर भाकर हातावर घेऊन खा, बायकोला लुगडे हलके घ्या, पण पोराला शाळेत घाला, असा त्यांचा उपदेश. म्हणजे खर्च करूच नका असे नव्हे हो! कशावर करायचा ते आधी ठरवा. कीर्तन संपल्यावर ते यजमानाच्या पंगतीला बसत नसत; मागून आणलेली भाकर खापरात खात. आम्हा बिदागीवाल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

लोकांनी मात्र त्यांच्यापुढे पैशाची रास ओतली. तिच्यातून पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक, मुंबई येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. आंधळ्या-पांगळ्यांना अन्न-वस्त्र मिळाले. पंढरीत चोखोबांच्या नावाची धर्मशाळा त्यांनी उभारली, ती यासाठी की ज्यांना कुणी ओसरीवर घेत नव्हते त्यांनाही पाठ टेकता यावी. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. कुंताबाई झोपडीतच राहिल्या. यावर कुणी म्हणेल, घरच्यांवर हा अन्याय नव्हे का? मला शास्त्र शिकवले गेले, तरी याचे उत्तर मजपाशी नाही. पण थकलेल्या वारकऱ्याला त्या धर्मशाळेच्या फरशीवर निजायला मिळाले, एवढे खरे.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, मोटारीतच त्यांचा देह पडला. धर्मशाळांतून त्या रात्रीही दिवे लागले, आणि उतरायला यात्रेकरू होते.