इंग्रजी धड येत नव्हतं, शूटिंग स्पेनमध्ये केलं, तरी या इटालियन माणसाने अमेरिकेचा काऊबॉय बदलून टाकला

धुळीने भरलेलं गाव. रस्त्याच्या दोन टोकांना दोन माणसं. कमरेला पिस्तूल, डोळे बारीक केलेले, कुणीच काही बोलत नाही. मागे कुणीतरी शिट्टी वाजवतंय. मग एकदम डोळ्यांचा क्लोजअप.

हा सीन जाहिरातीत, रील्सवर, मीममध्ये तुम्ही शंभरदा पाहिला असेल. पण हा जन्माला घातला रोमच्या एका माणसाने, ज्याचं नाव होतं सर्जिओ लिओने.

3 जानेवारी 1929 ला रोममध्ये त्याचा जन्म झाला. घरातच सिनेमा होता. वडील विन्चेन्झो लिओने मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक, पडद्यावर ते रोबेर्तो रोबेर्ती हे नाव लावायचे. आई अभिनेत्री. पुढे मुसोलिनीच्या राजवटीशी वडिलांचं पटलं नाही आणि कामं मिळेनाशी झाली. सिनेमातलं नाव किती पटकन पुसलं जातं, हे सर्जिओने पोरवयातच घरात बघितलं.

शाळेत त्याच्या वर्गात एक मुलगा होता, एनिओ मॉरिकोने. या पोराचं नाव लक्षात ठेवा.

तरुणपणी सर्जिओ सिनेमाच्या सेटवर पडेल ते काम करू लागला. 1948 च्या 'बायसिकल थीव्ज'मध्ये पाऊस चुकवायला आडोशाला उभं राहणाऱ्या सेमिनरीतल्या विद्यार्थ्यांपैकी एक तोच आहे. त्या काळात हॉलिवूडचे मोठमोठे सिनेमे रोमच्या चिनेचित्ता स्टुडिओत शूट व्हायचे. 'क्वो वादिस', 'बेन हर' अशा सिनेमांवर तो सहाय्यक होता. हजारो माणसांची गर्दी कशी हलवायची, घोडे कसे पळवायचे, सगळं तो तिथे शिकला. दिग्दर्शक म्हणून त्याच्या एकट्याच्या नावावरचा पहिला सिनेमा आला 1961 मध्ये, 'द कोलोसस ऑफ ऱ्होड्स'. तोही तलवारी आणि पुतळ्यांचा. तिथे थांबला असता तर आज कुणाला त्याचं नाव आठवलं नसतं.

पण मग त्याने एक जपानी सिनेमा बघितला.

अकिरा कुरोसावाचा 'योजिम्बो', साल 1961. एक बेवारस सामुराई एका गावात येतो. गावात दोन टोळ्या. तो दोघांकडून पैसे घेतो, दोघांना एकमेकांवर घालतो आणि शेवटी दोन्ही संपवतो. लिओनेने ही गोष्ट उचलली, तलवारीच्या जागी पिस्तूल दिलं आणि सामुराईच्या जागी काऊबॉय उभा केला. परवानगी कुणीच घेतली नव्हती.

बजेट साधारण 2 लाख डॉलर. एवढ्यात हॉलिवूडचा मोठा हिरो येणार कुठून? म्हणून अमेरिकन टीव्हीवर 'रॉहाइड' मालिकेत काम करणाऱ्या क्लिंट ईस्टवूडला 15 हजार डॉलरवर बोलावलं. ईस्टवूडला इटालियन येत नव्हतं, लिओनेला इंग्रजी. सेटवर नट आपापल्या भाषेत बोलायचे, आवाज नंतर डब व्हायचा. अमेरिका-मेक्सिको सीमा म्हणून जे दिसतं ते स्पेन आहे. सिनेमा अमेरिकन वाटावा म्हणून श्रेयनामावलीत नावंही बदलली. लिओनेने स्वतःसाठी घेतलं बॉब रॉबर्टसन, म्हणजे रॉबर्टचा मुलगा. फसवाफसवीतसुद्धा पोराने बापाचं नाव लावलं होतं.

1964 साली 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' आला आणि इटलीत तुफान चालला. मग कुरोसावाच्या बाजूने दावा झाला. तडजोडीत जगभरच्या कमाईतले 15 टक्के आणि जपान, तैवान, दक्षिण कोरियातले वितरणाचे हक्क द्यावे लागले. या भानगडीत अमेरिकेत सिनेमा लागायला 1967 साल उजाडलं.

आता तुम्ही म्हणाल, मग हा चोरच झाला की! व्यवहाराच्या हिशेबात हो, आणि त्याची किंमतही वसूल झाली. पण गंमत बघा, कुरोसावा स्वतः जॉन फोर्डच्या अमेरिकन वेस्टर्नचा भक्त होता. म्हणजे अमेरिकेचा काऊबॉय जपानला जाऊन सामुराई झाला आणि इटलीमार्गे परत आला तो अंगावर पाँचो, तोंडात चिरूट आणि वाढलेली दाढी घेऊन. येताना त्याचा चांगुलपणा वाटेतच गळून पडला होता.

जुन्या हॉलिवूड वेस्टर्नचा साचा ठरलेला होता. हिरो स्वच्छ, व्हिलन मळका. हिरो न्यायासाठी लढणार आणि कायदा जिंकणार. लिओनेने साचा मोडला नाही, हे महत्त्वाचं. टोपी, घोडा, सलून, शेवटची समोरासमोरची लढत, सगळं ठेवलं. फक्त आतला अर्थ काढून घेतला. त्याचा हिरो पैशासाठी लढतो आणि त्याला धड नावही नाही. जिथे जुना दिग्दर्शक दहा सेकंदांत गोळी उडवेल, तिथे हा कित्येक मिनिटं नुसते डोळे, हात आणि घाम दाखवत बसतो.

अभ्यासक याला पोस्टमॉडर्न म्हणजे उत्तर-आधुनिक सिनेमा म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट सोपी. आधीचे सिनेमे जगाबद्दल होते, हे सिनेमे आधीच्या सिनेमांबद्दल आहेत. प्रेक्षकाला नियम पाठ आहेत हे दिग्दर्शकाला माहीत आहे आणि तो त्या नियमांशीच खेळतो.

या खेळातला अर्धा वाटा मॉरिकोनेचा. तोच शाळेतला पोरगा! त्याने शिट्टी, चाबकाचा फटका, घंटा, इलेक्ट्रिक गिटार असं सगळं संगीतात ओतलं. 1965 मध्ये 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' आणि 1966 मध्ये 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' आला. या तिसऱ्या सिनेमात एक पूल उडवायचा होता. मदतीला स्पॅनिश सैन्य. गैरसमजातून कॅमेरे सुरू व्हायच्या आधीच पूल उडाला! सैन्याने तो परत बांधून दिला, मग परत उडवला.

पण लिओनेचा खरा डाव 1968 चा, 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'. कथा रचायला सोबत बर्नार्दो बेर्तोलुची आणि दारिओ अर्जेंतो. तिघांनी जुने वेस्टर्न आठवून आठवून त्यातले तुकडे यात पेरले. सुरुवातीला तीन बंदूकवाले स्टेशनवर गाडीची वाट बघतात. हे थेट 1952 च्या 'हाय नून'मधून आलंय, फक्त इथे तिघं पहिल्याच प्रसंगात मरतात. या तिघांच्या जागी 'गुड, बॅड, अग्ली'चे तीन हिरो घ्यावेत असं लिओनेच्या मनात होतं. जमलं नाही, पण आपलंच यश पहिल्या रिळात गाडून टाकायची ही तयारी बघा.

आणि व्हिलन कोण? हेन्री फोंडा. अमेरिकेतला सगळ्यात सज्जन चेहरा. फोंडा मिशी आणि तपकिरी लेन्स लावून आला, म्हणजे दुष्ट दिसेल. लिओनेने दोन्ही काढायला लावलं. त्याला ते निळे, भोळे डोळेच हवे होते. एक कुटुंब गोळ्या घालून संपवलं जातं, एक लहान पोरगा उरतो, कॅमेरा मारेकऱ्याच्या पाठीमागून वळतो आणि समोर फोंडा! त्या चेहऱ्यावर विश्वास ठेवत मोठ्या झालेल्या प्रेक्षकाला हा धक्का होता.

हा प्रसंग ओळखीचा वाटतोय ना? 'शोले'त गब्बर ठाकूरचं कुटुंब संपवतो तो सीन याच सिनेमावरून सुचलेला मानला जातो. जयच्या माऊथ ऑर्गनचा मोठा भाऊही इथेच सापडतो. चार्ल्स ब्रॉन्सनच्या पात्राला तर 'हार्मोनिका' असंच म्हणतात.

पॅरिसमध्ये हा सिनेमा जोरात चालला. अमेरिकेत कापून दाखवला, तरी पडला.

पुढे 'द गॉडफादर'साठी त्याला विचारणा झाल्याचं सांगतात. त्याला मात्र स्वतःचा गँगस्टर सिनेमा करायचा होता. त्या एका सिनेमापायी दहाहून जास्त वर्षं गेली. 1984 साली कान महोत्सवात 'वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका' 229 मिनिटांचा दाखवला गेला. म्हातारा रॉबर्ट डी निरो आठवत जातो आणि काळ मागेपुढे होतो, अशी त्याची बांधणी. अमेरिकन वितरकांनी तो 139 मिनिटांवर आणला आणि प्रसंग सरळ सालवारीने लावले. म्हणजे आठवणींचा सिनेमा होता, त्यातली आठवणच काढून टाकली. तिथे तो साफ आपटला.

त्यानंतर लिओनेने एकही सिनेमा दिग्दर्शित केला नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लेनिनग्राडच्या वेढ्यावर भव्य सिनेमा करायची तयारी चालू होती. 30 एप्रिल 1989 ला रोममध्ये हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय 60. दिग्दर्शक म्हणून नावावर अवघे 7 सिनेमे.

1992 मध्ये ईस्टवूडने 'अनफरगिव्हन' हा आपला वेस्टर्न ज्या दोघांना अर्पण केला, त्यातलं एक नाव सर्जिओचं होतं. 2012 मध्ये 'अमेरिका'ची 251 मिनिटांची दुरुस्त प्रत कानला दाखवली गेली.

आणि स्पेनमध्ये बुर्गोसजवळ एक कब्रस्तान आहे, सॅड हिल. 'गुड, बॅड, अग्ली'च्या शेवटासाठी सैनिकांनी पाच हजारांवर खोट्या कबरी तिथे रचल्या होत्या. पुढे त्यावर माती आणि गवत चढलं. 2015 च्या सुमारास चाहत्यांनी कुदळ-फावडी घेऊन ते खणून काढलं. थोडी देणगी दिली की तिथल्या एका क्रॉसवर आपलं नाव लिहून मिळायचं, आणि लोकांनी हौसेने ती लिहून घेतली.