फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९)

इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि अखेरपर्यंत प्रामुख्याने साष्टी प्रांतात राहिले. तेथील नवख्रिस्ती भाविक परमप्रसादापुढे, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानलेल्या भाकरीपुढे, गुडघे टेकत; परंतु मिस्सा लॅटिनमध्ये होई आणि त्यांची जुनी पुराणे निषिद्ध ठरली होती. एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने नवे पुराण मागितल्याचा प्रसंग ‘ख्रिस्तपुराणा’तच आहे. हा मराठी ओवीबद्ध ग्रंथ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापला गेला. ग्रंथाचे वाचन चर्चमध्ये होऊ लागले. श्रोत्यांना त्यांच्या भाषेतील पुराण मिळाले, हे स्टीफन्स यांचे महत्त्वाचे वाङ्मयीन कार्य होय.