काड्यापेट्यांचे यंत्र

मुलांनो, फुली-गोळ्याचा खेळ तुम्ही खेळला असालच. वहीच्या मागच्या पानावर चार रेघा ओढल्या, की नऊ घरे तयार होतात. हा खेळ काड्यापेट्यांना शिकवणारे एक शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचे नाव डोनाल्ड मिकी.

मिकी यांचा जन्म १९२३ साली ब्रह्मदेशातील रंगून शहरात झाला. दुसऱ्या महायुद्धात ते इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याचे काम करत. तेथे ॲलन ट्यूरिंग या थोर गणितज्ञाशी त्यांची मैत्री जमली. दोघे बुद्धिबळ खेळत. खरे सांगायचे तर दोघेही बेताचेच खेळाडू! पण खेळता खेळता ते एका प्रश्नावर बोलत. यंत्राला अनुभवातून शिकता येईल का?

युद्ध संपले. मिकी प्राण्यांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करू लागले, पण तो प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. पुढे एका सहकाऱ्याने, असे यंत्र होणेच शक्य नाही, अशी पैज लावली. मिकींच्या हाताशी संगणक नव्हता. मग १९६१ च्या सुमारास त्यांनी रिकाम्या काड्यापेट्या गोळा केल्या. एक-दोन नव्हे, तीनशेच्या वर!

प्रत्येक पेटीवर खेळाची एकेक स्थिती काढलेली होती. आत रंगीत मणी होते. एक रंग म्हणजे एक घर. यंत्राची पाळी आली, की त्या स्थितीची पेटी शोधायची, हलवायची आणि तिरपी करायची. पुढच्या कोपऱ्यात जो मणी येईल, त्या रंगाच्या घरात खूण करायची. डाव जिंकला, तर वापरलेल्या प्रत्येक पेटीत त्याच रंगाचे तीन मणी जास्त टाकायचे. बरोबरी झाली, तर एक. हरला, तर तो मणी काढून घ्यायचा. म्हणजे चुकीची चाल पुन्हा निघण्याची शक्यता कमी होत जाई.

मिकी स्वतः दोन दिवस या पेट्यांशी खेळले. एकूण २२० डाव झाले. आरंभी यंत्र हरत होते. विसेक डावांनंतर ते बरोबरी साधू लागले. मग मिकींनी आपली पद्धत बदलली आणि आडवळणाच्या चाली केल्या. यंत्र पुन्हा गोंधळले. पण मणी कमी-जास्त होत गेले, तसतसे यंत्रही बदलले. शेवटी तर मिकीच जास्त डाव हरू लागले! पैज त्यांनी जिंकली होती, ती अशी हरून.

पुढे एडिंबरो विद्यापीठात त्यांनी यंत्रांच्या बुद्धीचा अभ्यास करणारा विभाग उभारला. २००७ साली मोटार अपघातात त्यांचे निधन झाले.