काचघरांशी भांडण मांडणारा माळी : विल्यम रॉबिन्सन

साल १८६१. आयर्लंडमधल्या एका बड्या जमीनदाराच्या बागेत बाविशीतला एक माळी कामाला होता. काचघरांची जबाबदारी त्याच्याकडे. आतली नाजूक परदेशी झाडं जगावीत म्हणून थंडीत रात्रभर भट्ट्या पेटत्या ठेवाव्या लागायच्या. असं सांगतात की एका रात्री त्याचं वरिष्ठांशी वाजलं. गड्यानं भट्ट्या विझवल्या, खिडक्या सताड उघडल्या आणि डब्लिनची वाट धरली. सकाळपर्यंत झाडं गारठून मेली.

ही गोष्ट सगळ्याच चरित्रकारांना पटत नाही. पण ती त्याला कायमची चिकटली, कारण या माणसानं पुढं आयुष्यभर काचघरातल्या फुलांशीच भांडण मांडलं. त्याचं नाव विल्यम रॉबिन्सन.

जन्म १८३८ चा, गरीब घरातला. डब्लिनहून शिफारस मिळवून तो लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या वनस्पती उद्यानात लागला. तिथं त्याच्याकडे देशी रोपं आली. त्यांच्या शोधात तो खेडोपाडी हिंडला आणि त्याच्या लक्षात आलं, की कुणी पाणीही न घातलेली कुंपणाकडेची फुलं श्रीमंतांच्या बागेपेक्षा सुंदर दिसतायत.

तेव्हाची फॅशन काय होती? काचघरात हजारो रोपं वाढवायची, उन्हाळ्यात ती गालिच्यासारखी वाफ्यात मांडायची आणि थंडी आली की उपटून फेकायची. दरवर्षी तोच खर्च, आणि सहा महिने माती उघडी.

रॉबिन्सनचं म्हणणं सरळ होतं. इथल्या थंडीत उघड्यावर टिकेल तेच लावा. आपल्याकडे हळदीची पानं वाळतात, पण जमिनीत कंद जिवंत राहतो ना, तशीच तिकडची आयरिस, पिओनी ही झाडं. हिवाळ्यात दिसेनाशी होतात, वसंतात पुन्हा उगवतात. एकदा लावली की वर्षानुवर्षं सोबत.

१८७० मध्ये त्याची दोन पुस्तकं आली. एक डोंगरी फुलांवर, दुसरं ‘द वाइल्ड गार्डन’. लोक दगडांचा ढीग रचून त्याला रॉक गार्डन म्हणायचे आणि वर लावलेली रोपं वाळली की नशिबाला दोष द्यायचे. डोंगरावरच्या फटीत मुळं खोल ओलाव्यापर्यंत जातात, ढिगाऱ्यात मातीच नसेल तर ती जाणार कुठं? म्हणजे आधी खोल माती, मग दगड. नेच्यांचंही तसंच. फर्नचं वेड लागलेले लोक ती काचेच्या पेटीत ठेवत, याला ती झाडांच्या सावलीत, फुलांच्या सोबतीनं हवी होती.

१८७१ मध्ये त्यानं ‘द गार्डन’ हे साप्ताहिक काढलं. १८८३ च्या ‘द इंग्लिश फ्लॉवर गार्डन’च्या तर त्याच्या हयातीतच पंधरा आवृत्त्या निघाल्या. पैसा आला आणि या माळ्यानं ससेक्समधली ग्रेव्हटाय मॅनर ही जुनी गढी शेकडो एकर जमिनीसकट विकत घेतली. गंमत म्हणजे आखीव बागांवर तुटून पडणाऱ्या या माणसाच्या घरासमोर सरळ रेषेतले चौकोनी वाफे होते! फक्त त्यात भरलेली झाडं मात्र टिकाऊ.

एका बाबतीत मात्र तो भलताच चुकला. चिवट म्हणून त्यानं जपानी नॉटवीडची शिफारस केली. नंतर त्यानंच लोकांना सावध केलं, की हे लावणं सोपं, घालवणं अवघड. आज ब्रिटनमध्ये ते रानात लावणं हा गुन्हा आहे आणि घराच्या आवारात सापडलं तर गृहकर्जालाही अडचण येते. झाड टिकेल का, एवढंच बघून भागत नाही. ते शेजाऱ्यांना जगू देईल का, हेही बघावं लागतं.

१९०९ मध्ये पाठीला इजा झाली आणि तो चाकाच्या खुर्चीत अडकला. तरी बागकाम थांबलं नाही. १९३५ मध्ये ९६ व्या वर्षी तो गेला. मृतदेह पुरण्यापेक्षा दहन करावं असं तो कित्येक वर्षं मांडत आला होता. लंडनच्या गोल्डर्स ग्रीन दहनभूमीची बागही त्यानंच आखली होती, आणि त्याचं दहन तिथंच झालं. ग्रेव्हटायमध्ये आज हॉटेल आहे. बाग अजूनही राखलेली आहे.