राजपद नको, राजाचे रक्तही नको

२१ सप्टेंबर १७९२ रोजी फ्रान्समधील राजपद कायद्याने संपुष्टात आले. पॅरिसमधील राजवाड्यालगत, पूर्वी घोडेस्वारी शिकविण्यासाठी बांधलेल्या सभागृहात, नवनिर्वाचित राष्ट्रीय प्रतिनिधिसभेने तसा ठराव एकमताने संमत केला. त्याच दिवशी दुपारी नगरपालिकेचा एक अधिकारी घोडेस्वारांसह टेंपलच्या बुरुजापाशी आला. कर्णे वाजले, लोकांची गर्दी लोटली आणि खड्या आवाजात प्रजासत्ताकाची घोषणा वाचली गेली. त्या बुरुजात कैदेत असलेला सोळावा लुई त्या वेळी पुस्तक वाचीत होता. त्याने वाचन थांबविले नाही, असे त्याच्या सेवकाने नमूद करून ठेवले आहे.

ठराव करणाऱ्या सभेत एक इंग्रज सभासद होता. त्याला फ्रेंच भाषा धड बोलता येत नव्हती. थॉमस पेन हे त्याचे नाव. वंशपरंपरागत राजसत्तेविरुद्ध त्याच्याइतकी लेखणी झिजविणारा माणूस त्या काळी विरळाच. परंतु अवघ्या चार महिन्यांनी त्याच सभेत, त्याच राजाचे प्राण वाचविण्यासाठी तो उभा राहिला. यात वरवर दिसणारी विसंगती खरी नाही, हे त्याच्या आयुष्यक्रमावरून ध्यानी येते.

पेनचा जन्म १७३७ साली इंग्लंडमधील थेटफर्ड या गावी झाला. वडील स्त्रियांच्या कंचुक्या शिवणारे कारागीर, पंथाने क्वेकर. काही काळ हाच धंदा करून पेन पुढे अबकारी खात्यात नोकरीस लागला. पगार वर्षाला ५० पौंड, आणि घोड्याचा खर्च त्यातूनच भागवावयाचा. १७७२ साली त्याने आपल्या सहकाऱ्यांच्या वतीने पगारवाढीची मागणी करणारे निवेदन लिहिले. अपुऱ्या पगारातून लाचलुचपत कशी उपजते, हे त्याने त्यात हिशेबानिशी दाखविले. पार्लमेंटने दाद दिली नाही. १७७४ साली रजेवाचून गैरहजर राहिल्याच्या कारणावरून त्याची नोकरी मात्र गेली. कर्ज फेडण्यासाठी घरातील चीजवस्तू विकावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस, बेंजामिन फ्रँकलिनचे शिफारसपत्र घेऊन, तो अमेरिकेत उतरला.

पुढील तेरा महिन्यांत, जानेवारी १७७६ मध्ये, त्याची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका निघाली. राज्य करण्याची पात्रता बापाकडून मुलाकडे वारशाने जात नाही, हा तिचा साधा सिद्धान्त. अमेरिकी वसाहतींच्या मनातील राजनिष्ठेची उरलीसुरली भीड तिने मोडली. जुलैमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा न्यूयॉर्कमध्ये वाचला गेला, तेव्हा जमावाने तिसऱ्या जॉर्जचा शिशाचा पुतळा दोरखंडांनी ओढून पाडला. त्या शिशातून पुढे ४२ हजारांहून अधिक बंदुकीच्या गोळ्या ओतल्या गेल्या.

परंतु पुतळे पाडल्याने प्रश्न सुटत नाहीत, हे पेन जाणून होता. ‘राइट्स ऑफ मॅन’ या त्याच्या ग्रंथाचा दुसरा भाग १७९२ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झाला. त्यातील अखेरचे प्रकरण म्हणजे एक अंदाजपत्रकच आहे. दरबार आणि युद्धे यांवरील खर्च कमी करावा. त्या पैशातून गरीब कुटुंबांना चौदा वर्षांखालील प्रत्येक मुलामागे ४ पौंड द्यावेत, मात्र मुलांना शाळेत धाडण्याची अट असावी. पन्नाशी उलटलेल्या गरजूंना सालिना ६ पौंड, तर साठीनंतर १० पौंड निवृत्तिवेतन द्यावे. ही भिक्षा नव्हे. माणूस जन्मभर कर भरतो, त्या करांवरील हा त्याचा हक्क आहे, असे त्याने आकडेमोड करून मांडले. राजाशिवाय राज्य कशासाठी चालवावयाचे, या प्रश्नाचे त्याचे उत्तर हे होते.

रस्त्यावरील गर्दीची दोन्ही रूपे पेनने स्वतः अनुभवली. जून १७९१ मध्ये पळून गेलेल्या लुईला पकडून पॅरिसला आणले, तेव्हाच्या गर्दीत पेनही होता. टोपीवर क्रांतीचे तिरंगी फूल लावावयास तो विसरला होता. तेवढ्यावरून जमावाने त्याला सरदारांचा हस्तक ठरविले आणि दिव्याच्या खांबाला फाशी देण्याची ओरड केली. एका इंग्रजी जाणणाऱ्या गृहस्थाने मध्ये पडून त्याला सोडविले. पुढच्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तो प्रतिनिधी म्हणून कॅले बंदरात उतरला, तेव्हा तोफांची सलामी झाली आणि तेच तिरंगी फूल त्याच्या टोपीवर सन्मानाने खोवले गेले. त्या हिवाळ्यात इंग्लंडमधील गावोगावी मात्र त्याचे पुतळे जाळले जात होते. डिसेंबरमध्ये लंडनच्या न्यायालयाने त्याला त्याच्या गैरहजेरीत राजद्रोही लेखनाबद्दल दोषी ठरविले.

जानेवारी १७९३ मध्ये लुईच्या शिक्षेचा प्रश्न आला. पेनचे भाषण दुसऱ्या सभासदाने फ्रेंचमध्ये वाचले. युद्ध संपेपर्यंत लुईला कैदेत ठेवावे आणि नंतर अमेरिकेस हद्दपार करावे, असा त्याचा प्रस्ताव होता. लुईनेच अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धास साह्य केले होते, याचे त्याने स्मरण दिले. क्वेकराला या विषयात मत देण्याचा अधिकार नाही, असे म्हणून माराने मध्येच हरकत घेतली. ७२१ पैकी ३६१ जणांनी बिनशर्त देहान्ताचा कौल दिला. २१ जानेवारीला राजाचा शिरच्छेद झाला.

त्या वर्षाच्या अखेरीस पेन स्वतःच लक्झेंबुर्गच्या तुरुंगात पोहोचला. सुमारे दहा महिने तो तेथे मृत्यूच्या छायेत होता. अमेरिकी वकील जेम्स मन्रो याच्या खटपटीने नोव्हेंबर १७९४ मध्ये सुटला. धर्मग्रंथांवरील टीकेमुळे अमेरिकेनेही पुढे त्याच्याकडे पाठ फिरविली. १८०९ साली न्यूयॉर्कमध्ये तो वारला. क्वेकरांनी दफनभूमीत जागा नाकारली होती. अंत्ययात्रेला मोजकी माणसे होती.

ग्रंथ मात्र पुरला गेला नाही. १८४७ च्या सुमारास पुण्यात जोतीराव फुले या तरुणाच्या हाती तो पडला. जन्मावरून मिळणाऱ्या अधिकाराविरुद्धचा तो युक्तिवाद राजाइतकाच जातीलाही लागू पडत होता. पुढच्याच वर्षी भिडे वाड्यात मुलींची शाळा उघडली गेली.

२००८ साली नेपाळने राजपद रद्द केले, तेव्हा काठमांडूच्या रस्त्यांवरही आनंदोत्सव झाला. पदच्युत राजा राजवाडा सोडून सामान्य नागरिक म्हणून त्याच देशात राहिला. पेन जे मागत होता, ते याहून फारसे वेगळे नव्हते. सिंहासन हटविण्यास एक ठराव पुरतो. नव्या राज्याची परीक्षा त्यानंतर सुरू होते. पराभूताचा जीव आणि म्हाताऱ्याची भाकर ते राखते की नाही, यावरच तिचा निकाल लागतो.