शिल्पकार करमरकर आणि आमची कणगी

मी मुरबाड तालुक्यातून शहापूरला कॉलेजला येतो. आमचे घर कुडाचे. कोपऱ्यात शेणाने सारवलेली बांबूची कणगी. मित्रांना घरी न्यायची मला लाज वाटे. नवे घर बांधताना कणगी मोडा, असे मीच बाबांना सांगितले होते. पण सहलीत अलिबागजवळच्या सासवण्याला शिल्पकार नानासाहेब करमरकरांचे घर पाहिले आणि विचार बदलला.

विनायक पांडुरंग करमरकर १८९१ साली याच गावात जन्मले. घरी गणपतीच्या मूर्ती घडत. मुलाचे हात मातीत रुळले. देवळाच्या भिंतीवर त्याने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी पाहिले आणि त्यांच्या मदतीने तो मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला. पुढे कलकत्ता, मग लंडन. १९२८ साली पुण्यात त्यांचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. एवढे नाव मिळवूनही ते गावाला विसरले नाहीत. साध्या सिमेंटमधूनही त्यांनी माणसे, गुरे घडवली. १९६७ साली त्यांचे निधन झाले. आज त्यांचे घर संग्रहालय आहे.

तिथे मला उमगले, की खोलीला शोभा येते ती किमती सामानाने नव्हे, आकाराने. सरळ भिंतीपुढे गोलाई आली, तिच्यावर उजेड-सावली पडली, की रिकामा कोपरा भरून येतो. आमची कणगी दुसरे काय करते?

बाबांना मी आता सांगितले आहे, नव्या घरातही कणगी ठेवू या.